रबातच्या मुली लंडनला, आणि आपल्या?

येत्या १ फेब्रुवारीला, रविवारी, लंडनमध्ये अर्सेनल क्लबच्या मैदानावर महिला फुटबॉलचा एक अंतिम सामना होणार आहे. शब-ए-बरात त्यानंतर दोन-तीन दिवसांवर आहे आणि रमजान अडीच आठवड्यांवर. आमच्या कासुर्डीत हे दिवस ऊसतोडीचे. गुऱ्हाळांच्या चिमण्या दिवसरात्र धुरतात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, घरोघरी पाहुणे काकवी आणि गुळासाठी टपकलेले. अशा धांदलीत लंडनच्या सामन्याचे आम्हाला काय पडले, असे कोणी विचारील. पडले आहे. आमच्या घरात सहावीपासून दहावीपर्यंतच्या मुली आहेत, आणि त्यातल्या आठवीतलीने यंदा शाळेच्या फुटबॉल संघात खेळायचे की नाही यावरून दिवाळीच्या सुट्टीपासून घरात बोलणे चालू आहे. लंडनला जाणाऱ्या चार क्लबांपैकी एक रबातचा, म्हणजे मोरोक्कोच्या राजधानीचा आहे. त्यामुळे त्या बोलण्यात आता रबातही आले.

आधी स्पर्धेविषयी. नाव आहे फिफा महिला चॅम्पियन्स कप. यात देशांचे संघ खेळत नाहीत, क्लब खेळतात. देशाचा संघ वर्षातून काही दिवस एकत्र येतो. क्लब वर्षभर असतो. मुलगी रोज जिथे सरावाला जाते, जिथे तिचे नाव वहीत असते, न आल्यास कोणीतरी विचारते, तो क्लब. पुढे हा फरक कामाला येणार आहे म्हणून इथेच सांगून ठेवतो. पुरुषांच्या क्लबांसाठी फिफाने अशी जागतिक स्पर्धा पहिल्यांदा २००० साली ब्राझीलमध्ये भरवली. बायकांच्या क्लबांसाठी ती भरायला २०२६ उजाडले.

सहा खंडांच्या संघटनांचे विजेते यात आले. युरोपातून अर्सेनल; गेल्या मे महिन्यात लिस्बनला त्यांनी बार्सिलोनाला १-० हरवले होते. दक्षिण अमेरिकेतून ब्राझीलचा कॉरिंथियन्स. उत्तर अमेरिकेतून न्यूयॉर्क-न्यू जर्सी भागातला गॉथम. आशियातून चीनचा वुहान जिआंगदा, ओशनियातून न्यूझीलंडचा ऑकलंड युनायटेड, आणि आफ्रिकेतून रबातचा एएस फार. ऑकलंड आणि वुहान आधीच्या फेऱ्यांत गळाले. बुधवारी, २८ जानेवारीला, लंडनमध्ये उपांत्य सामने आहेत: गॉथमसमोर कॉरिंथियन्स, आणि अर्सेनलसमोर एएस फार. जिंकतील ते दोघे रविवारी करंडकासाठी भिडतील. विजेत्या क्लबला २३ लाख डॉलर मिळणार आहेत. बायकांच्या फुटबॉलमध्ये क्लबच्या तिजोरीत एवढी रक्कम एका स्पर्धेतून येणे ही नवलाचीच गोष्ट आहे.

रबातच्या मुली अंतिम फेरीत पोहोचतील का? खरे बोलायचे तर अवघड दिसते. अर्सेनलकडे पैसा आहे, घरचे शहर आहे, जगभरातून निवडून आणलेल्या खेळाडू आहेत. फार हरला तर आम्हाला आश्चर्य वाटणार नाही, आणि मोठ्या फरकाने हरला तरी वाटणार नाही. पण तिथवर ते कसे आले ते पाहा. यात आपल्या देशाचाही एक धागा आहे. कोलकात्याचा ईस्ट बंगाल हा २०२४-२५ चा भारतीय महिला लीगचा विजेता. गेल्या नोव्हेंबरात आशियाई स्पर्धेसाठी तो वुहानला गेला. तिथे त्याने इराणच्या बाम खातून या क्लबला ३-१ हरवले. बाम म्हणजे तेच शहर, जे डिसेंबर २००३ च्या भूकंपात जमीनदोस्त झाले होते. त्या शहराच्या मुली डोके झाकून, पूर्ण बाह्यांत, पायभर कपड्यांत खेळतात आणि इराणच्या लीगमध्ये वर्षानुवर्षे वरच्या जागी आहेत. पुढच्या सामन्यात ईस्ट बंगाल वुहानकडून हरला. त्याच वुहानला, त्यांच्याच शहरात, १४ डिसेंबरला जादा वेळेपर्यंत झुंजवून एएस फारने २-१ हरवले आणि लंडनचे तिकीट काढले. कोलकाता, बाम, वुहान, रबात, लंडन. टीव्हीवर क्रिकेटच्या गर्दीत यातले काहीच आपल्या कानावर येत नाही.

एएस फार हे फ्रेंच नावाचे आखूड रूप. अर्थ, शाही सैन्यदलांचा क्रीडा संघ. क्लब १९५८ चा. मोरोक्को स्वतंत्र होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. बायकांचा संघ पुष्कळ नंतरचा. २०२२ साली रबातमध्येच त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या मामेलोडी सनडाउन्सला ४-० हरवून आफ्रिकेचे अजिंक्यपद मिळवले. २०२४ ला पुन्हा अंतिम सामना, आणि काँगोच्या टीपी माझेम्बेकडून १-० अशी हार. २०२५ च्या नोव्हेंबरात इजिप्तमध्ये आयव्हरी कोस्टच्या असेक मिमोसासला २-१ हरवून पुन्हा अजिंक्यपद. चार वर्षांत तीन अंतिम सामने.

हे आपोआप झाले नाही. मोरोक्कोच्या फुटबॉल महासंघाने २०२० साली बायकांची लीग व्यावसायिक करायचे ठरवले, दोन श्रेणी केल्या आणि खेळाडूंच्या पगाराचा भार उचलला. म्हणजे रबातच्या किंवा फेसच्या घरात मुलगी जेव्हा म्हणाली की मला फुटबॉल खेळायचाय, तेव्हा बापाच्या "त्याने पोट भरते का?" या प्रश्नाला उत्तर तयार होते. आपल्याकडे हा प्रश्न मुलांनाही विचारतात, मुलींना तर विचारायच्या आधीच उत्तर गृहीत धरलेले असते.

या क्लबचे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकले ते २०२३ च्या महिला विश्वचषकात. मोरोक्को हा त्या स्पर्धेला पात्र ठरलेला पहिला अरब देश. पहिल्याच सामन्यात जर्मनीने त्यांना ६-० असे लोळवले. दुसरा सामना ३० जुलैला ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला, दक्षिण कोरियाविरुद्ध. त्या दिवशी बचावफळीत नुहैला बेन्झिना उतरली, डोक्यावर पांढरा हिजाब. बायकांच्या मोठ्या विश्वचषकात हिजाब घालून खेळणारी ती पहिली खेळाडू, आणि त्या वेळी ती याच एएस फारची. मोरोक्कोने तो सामना १-० जिंकला, मग कोलंबियाला हरवले आणि बाद फेरीत गेले. तिथे फ्रान्सने चार गोलांनी हरवले ती गोष्ट वेगळी.

त्या एका हिजाबामागे सात वर्षांचे भांडण आहे. आपल्या घरांतल्या मुलींना ते ठाऊक असावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

२००७ च्या फेब्रुवारीत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात अकरा वर्षांच्या एका मुलीला पंचाने हिजाबामुळे मैदानाबाहेर जायला सांगितले. तिचा संघच सामना सोडून निघून गेला. प्रकरण फुटबॉलचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाकडे गेले. मंडळाने पंचाची बाजू घेतली, आणि एका लहान मुलीच्या सामन्यातला वाद जगभराचा नियम होऊन बसला. कारण सांगितले ते सुरक्षिततेचे: ओढाताणीत कापड गळ्याला आवळेल. २०११ च्या जूनमध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान इथे ऑलिम्पिक पात्रतेचा सामना होता, इराण विरुद्ध जॉर्डन. इराणच्या मुली मैदानात उभ्या, आणि त्यांना सांगण्यात आले की या डोक्यावरच्या कापडात खेळता येणार नाही. सामना झाला नाही. ऑलिम्पिकचे स्वप्न तिथल्या तिथे संपले. जॉर्डनचे शहजादे अली बिन अल-हुसेन तेव्हा फिफाचे उपाध्यक्ष होते. त्यांनी हा विषय लावून धरला. ओढले तर सुटणारा हिजाब तयार झाला, वैद्यकीय तपासण्या झाल्या, २०१२ च्या जुलैत मंडळाने प्रयोग म्हणून परवानगी दिली, आणि १ मार्च २०१४ ला ती कायम केली, बायकांना आणि पुरुषांनाही. शीख खेळाडूंची पगडीही त्यातच आली. नियम आज असा: डोक्यावरचे वस्त्र काळे किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचे असावे, जर्सीला जोडलेले नसावे, पिना किंवा बाहेर आलेले काही नसावे, आणि घालणारीला वा समोरच्याला इजा होऊ नये. फ्रान्सच्या महासंघाने मात्र आपल्या स्पर्धांत बंदी ठेवली आहे, आणि २०२३ साली तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती उचलूनही धरली.

थोडक्यात, जगाच्या बहुतेक मैदानांवर नियमाचा दरवाजा गेली बारा वर्षे उघडा आहे. हिजाब घालणाऱ्या मुलीला खेळता येते, न घालणारीलाही येते. मग आपल्या मुली बाराव्या-तेराव्या वर्षी खेळणे का सोडतात?

आम्ही मुद्दाम "सोडतात" असे म्हटले. दहाव्या वर्षापर्यंत आमच्या आळीत मुलगी मुलग्यांबरोबर लगोरी खेळते, सायकल हाणते, कॅनॉलच्या कडेने पळते. मग एके दिवशी ते थांबते. कोणी फतवा काढत नाही. कोणी "उद्यापासून बंद" असेही म्हणत नाही. फक्त संध्याकाळी तिला हाक मारून आत कामाला लावले जाते, आणि आठवड्याभरात तिची सवय जाते.

आमच्या घरातले बोलणेही असेच. आठवीतली पळते चांगली; शाळेच्या शिक्षकांनी तिला संघात घ्यायचे म्हटले. दादी म्हणाल्या, कपडे कसले असतात ते आधी बघा. त्यावर उत्तर सोपे होते. पूर्ण बाह्यांचा आतला टी-शर्ट, त्यावर जर्सी, खाली लेगिंग आणि वर चड्डी. बेन्झिनाचा फोटो मोबाईलवर काढून दाखवला. दादींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हे तर माझ्या सलवारीपेक्षा नीट आहे." फुफूंनी मैदानात मुलगे असतात हे काढले. तेही खरे, पण शाळेत वर्गात असतातच की. शेवटी उरले चाचा. ते रोज यवतला कामाला जातात, रस्ता त्यांना तळहातासारखा ठाऊक. ते म्हणाले, "खेलने कू कौन ना बोलता? आने-जाने का बोलो."

आणि खरी अडचण तिथेच आहे, हे आम्हाला मान्य करावे लागले. शाळा सुटते पाचला. या दिवसांत आपल्याकडे मगरिब साडेसहाच्या आतच होते. मधल्या तास-सव्वा तासात सराव, आणि मग घरी. ज्यांची घरे गावठाणात आहेत त्यांचे ठीक. मळ्यात राहणाऱ्या मुलीला दोन-तीन किलोमीटर सायकल मारायची, अंधार पडत असताना, आणि त्याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही. सोलापूर महामार्ग ओलांडायचा असेल तर आणखी कठीण. तालुक्याचे सामने दौंडला असले तर सकाळच्या गाडीने जायचे, आणि परतीची गाडी कधी मिळेल ते सामने किती रेंगाळतील त्यावर. सोबत कोण जाणार? बाप ऊसतोडीत, भाऊ कॉलेजात, आई घरात आणि गोठ्यात.

हे सगळे ऐकून आमच्या लक्षात आले ते असे. आपण पर्दा, हया, लोक काय म्हणतील, असे मोठे शब्द वापरतो. पण दहातल्या सात वेळा त्यांच्या आड असतो तो एस.टी.चा वेळ आणि अंधारातला रस्ता. मोठ्या शब्दाशी वाद घालता येत नाही, म्हणून बोलणे तिथेच संपते. रस्त्याचे मात्र काहीतरी करता येते. दीनाच्या बाजूने पाहिले तर खेळण्या-धावण्याला नकार देण्याइतके आपण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापेक्षा कडक कधी झालो, हेच कळत नाही. प्रवासात हजरत आयेशा (र.) यांनी त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली, एकदा त्या जिंकल्या आणि नंतरच्या एका शर्यतीत प्रेषितांनी बाजी मारली, हे अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहात आहे. मकतबमध्ये मुलींना शिकवताना हा प्रसंगही सांगावा, एवढीच आमची मौलवीसाहेबांना विनंती.

रस्त्याचे काहीतरी करता येते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. ठाण्याजवळचे मुंब्रा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे तिथे राहायला गेली. घरे एकाला एक लागून, मोकळी जागा जवळजवळ नाही, आणि जी आहे ती मुलग्यांच्या क्रिकेटची. तिथे २०१२ च्या सुमारास सबा खान आणि त्यांच्या सोबतिणींनी 'परचम' नावाच्या गटातर्फे मुलींचा फुटबॉल सुरू केला. परचम म्हणजे झेंडा. सुरुवातीला मुली मिळेनात. घरोघर जाऊन आयांशी बोलणे, बापांना समजावणे, मुलीला घरून नेणे आणि परत आणून सोडणे, हे सगळे झाले. मुली बुरख्यात मैदानावर यायच्या. कोणी तो काढून ठेवायची, कोणी हिजाबातच खेळायची. मैदानावरचे मुलगे हसायचे, जागा सोडायचे नाहीत. तेव्हा मुलींनी स्वतः सह्या गोळा केल्या आणि लोकप्रतिनिधींकडे खेळायला जागा मागितली. पुढे सावित्रीबाई फुले आणि फातिमाबी शेख यांच्या नावाने त्यांनी मुलींच्या फुटबॉल स्पर्धाही भरवल्या, आणि संघात मुद्दाम वेगवेगळ्या समाजांच्या मुली एकत्र ठेवल्या. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव येते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या दोघींनी पुण्यात मुलींना शाळेपर्यंत आणले तेव्हाही मुख्य प्रश्न वाटेचाच होता. शेण आणि दगड वर्गात नव्हे, वाटेवर पडायचे.

मुंब्रा शहर आहे, आमचे कासुर्डी खेडे, असे कोणी म्हणेल. तर मग हरियाणातले अलखपुरा घ्या. भिवानी जिल्ह्यातले गाव, शेतीवर जगणारे, मुलींच्या बाबतीत हरियाणाची ख्याती काय होती ते सांगायला नको. गावच्या सरकारी शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी मुलींना गुंतवून ठेवायला म्हणून एक फुटबॉल हातात दिला. पुढे गावभर मुलींचा फुटबॉल झाला. याच गावची संजू यादव भारताकडून खेळली आणि २०१६ ची देशातली सर्वोत्तम उदयोन्मुख महिला खेळाडू ठरली. आणि भारतीय महिला लीग पहिल्यांदा भरली, २०१६-१७ च्या हंगामात, तेव्हा अंतिम फेरीच्या सहा संघांत अलखपुरा या गावाच्या नावाचा क्लब होता.

त्याच सहांत आपल्या पुण्याचाही होता: एफसी पुणे सिटी. पहिली लीग मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने जिंकली, ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट क्लबला अंतिम सामन्यात ३-० हरवून. पुणे सिटीच्या मागे आयएसएलचा श्रीमंत पुरुष संघ होता, बालेवाडीचे मैदान होते. २०१९ साली तो क्लबच बंद पडला आणि त्याबरोबर मुलींचा संघही गेला. कोल्हापूरचा संघही लीगमध्ये खेळून गेला. तिथे पेठापेठांत तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी, पण ती मुख्यतः पुरुषांच्या सामन्यांना. २०२२ च्या ३ फेब्रुवारीला आशिया चषकाचे दोन्ही उपांत्य सामने बालेवाडीत झाले, चीन-जपान आणि कोरिया-फिलिपिन्स. आमच्यापासून साठेक किलोमीटरवर. भारताचा संघ त्या स्पर्धेतून कोरोनामुळे आधीच बाहेर पडला होता, आणि आमच्या गावात तर कोणाला खबरही नव्हती.

शहराच्या मोठ्या क्लबचा संघ आला तसा गेला, आणि शिक्षकाने चेंडू दिलेल्या गावाने देशाला खेळाडू दिली. आमच्या मते हे काही योगायोगाने झाले नाही. मुलींचा संघ पैशाने उभा राहतो, पण टिकतो तो रोज कोणीतरी त्यांची वाट पाहत असले तर.

सरकारी बाजूनेही थोडे आहे, आणि ते आपल्या घरांत फारसे ठाऊक नसते. शालेय क्रीडा स्पर्धांत मुलींचा फुटबॉल आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या आहेत. सुब्रतो करंडकात सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे. वरच्या पातळीपर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. राष्ट्रीय स्तरावर राज्यांच्या महिला संघांची जी अजिंक्यपद स्पर्धा होते, तिचे नावच आता राजमाता जिजाबाई करंडक आहे. जिजाऊंच्या नावाचा करंडक मणिपूरकडे जातो आणि महाराष्ट्र बघत बसतो, हे आम्हाला तरी बरे वाटत नाही. आईबापांनी शाळेत जाऊन एवढे विचारावे की आमच्या मुलीच्या वयोगटाचा संघ आहे का, नसेल तर का नाही, आणि सामन्याला नेताना सोबत शिक्षिका असते का. प्रश्न विचारायला लागलो की शाळाही हलते.

आमच्या घरातल्या बोलण्याचा निकाल अजून लागलेला नाही, पण वाटाघाटी पुढे सरकल्या आहेत. आधी आम्ही वेळ बदलली. संध्याकाळचा तास-सव्वा तास पुरत नाही आणि परतीला अंधार, तर मग रविवारी सकाळी. फजरनंतर तासाभराने चांगले उजाडते, ट्रॉल्यांची वर्दळही त्या वेळी जरा कमी. पाच-पाच जणींचा खेळ. पूर्ण अकराचा संघ कुठून आणणार? गोलच्या जागी विटा. मुली कोणाच्या असा प्रश्न आलाच, तर आमच्या आळीच्या चार, माळवाडीच्या तीन, मळ्यातल्या दोघी बहिणी. मळ्यातल्या दोघींना आणायला आणि सोडायला चाचांची मोटारसायकल, एका अटीवर: इंजेक्शन-पंक्चर काही झाले तरी फोन आधी त्यांना. मैदानावर बाईमाणूस कोण, तर फुफू. मुलगे असतात म्हणून ज्यांनी हरकत घेतली त्याच कट्ट्यावर शाल घेऊन बसायला कबूल झाल्या. म्हणाल्या, मग बघते कोण हसतो ते. दादींनी एकच सांगितले, परीक्षेच्या आधी महिनाभर बंद, आणि रमजानात रोजा धरून पळायचे नाही, ईदनंतर बघू. म्हणजे हातात आता मोजके रविवार आहेत. थोडे आहेत, पण तेवढ्यात कोण टिकते आणि कोण नाही ते कळेल. जिल्हा संघटनेकडे क्लबची नोंदणी वगैरे पुष्कळ पुढच्या गोष्टी.

दौंडच्या सामन्यांचा प्रश्न तसाच आहे. चार घरांनी मिळून एक जीप ठरवायची, असे चालले आहे. भाड्यात कोणाचा किती वाटा यावर अडले आहे.

लंडनची घड्याळे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथल्या संध्याकाळचा सामना आपल्याकडे रात्री उशिरा येतो, आणि सोमवारी शाळा. तेव्हा रविवारचा अंतिम सामना मुलींना पूर्ण पाहता येईल की नाही ते दादींच्या मर्जीवर. बुधवारचा अर्सेनल-फार सामना मात्र त्यांना पाहायचाच आहे. फार हरला तर काय, असे आम्ही आठवीतलीला विचारले. ती म्हणाली, मोरोक्को जर्मनीकडून सहा गोलांनी हरला तेव्हा पुढच्या सामन्याला आलेच ना?

चेंडू आला आहे, पाच नंबरचा; बारा वर्षांवरच्या मुलींना तोच लागतो. पंप अजून नाही. हवा भरायला जुन्या टोलनाक्याजवळच्या पंक्चरवाल्याकडे न्यावा लागतो, आणि सुई आपली आपण न्यायची.